कच्चा टाका

एका गावात एक शिंपी होता आणि त्याला कापडाचा कंटाळा आला होता. नाव मुरलीधर, पण गाव त्याला मास्तर म्हणायचं. जन्मभर लोकांच्या मापाचे सदरे शिवले आणि ते सगळे फाटले, अशी त्याची तक्रार होती. फाटायचेच ते, सदरा म्हणजे काही ताम्रपट नव्हे. पण पन्नाशी गाठली की माणसाच्या डोक्यात असलं काहीतरी शिरतं.

त्याच्या दुकानासमोर मकबूल मिस्त्रीचं वेल्डिंगचं शेड होतं. तिथे दिवसभर ठिणग्या उडायच्या. लोखंडाची दारं आणि खिडक्या उभ्या राहायच्या. मशीनवर मान घालून बसलेल्या मुरलीधरला वाटायचं, काम असावं तर असं. एक दिवस तो रस्ता ओलांडून गेला आणि म्हणाला, "मकबूलभाई, मला शिकवा. पोटासाठी नाही, हौस म्हणून."

मिस्त्री हसला. "या मास्तर. हौसेला मोल नसतं. पण चटके बसले तर माझ्या नावानं बोंबलू नका."

चटके बसले. रॉड लोखंडाला चिकटून बसायचा, काळी काच डोळ्यांपुढे धरायला उशीर व्हायचा आणि मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. एक गोष्ट मात्र त्याला लगेच साधली. दोन पाइप जोडताना आधी ठिपक्याएवढं वेल्डिंग करून ते जागच्या जागी धरून ठेवतात. त्याला टाका म्हणतात. मग काम सरळ आहे ना ते बघून सांधा चहूबाजूंनी भरून घेतात, तेव्हा कुठे तो पक्का होतो. टाका हा शब्द ऐकूनच मुरलीधर खूश झाला. त्याचे टाके इतके बारीक आणि सारखे पडायचे की मिस्त्रीनंही मान डोलावली. सांधा भरायला घेतला की मात्र शेणाचे गोळे थापल्यासारखं व्हायचं, मध्ये भोकं राहायची. म्हणून तो टाकेच जास्त मारायचा. जे येतं त्याचाच सराव करणारे विद्यार्थी सगळ्या शाळांत असतात.

मुरलीधरच्या घरात दोघंच होती, तो आणि त्याची मोठी बहीण अक्का. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला वाढवलं, सुईत दोरा ओवायला शिकवलं. दोघं दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची. अक्काची नजर अलीकडे गेल्यातच जमा होती. जिना दगडी, एका बाजूनं उघडा. एकदा पाय निसटता निसटता राहिला आणि तेव्हापासून तिनं खाली उतरणंच सोडलं. पूर्वी ती दुकानात बसून काजं करायची, गिऱ्हाइकांना चार शब्द सुनवायची. आता खिडकीशी बसून रस्त्यावरची बोलणी ऐकायची. तिला खाली यायचं होतं. दुसरं काही तिनं मागितलं नाही.

मुरलीधरनं ठरवलं, अक्कासाठी आपल्या हातानं जिन्याला कठडा करायचा. ठरवलं ते बरं केलं, पण आळीभर सांगितलं तेही. "पाडव्याला अक्का खाली उतरणार," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला.

गवंड्यानं पायऱ्यांत खांब बसवून दिले. मिस्त्रीचं मशीन आणून मुरलीधरनं खांबांवर पाइप ठेवला आणि टाके मारले. मिस्त्री बघायला आला. "सरळ बसलाय. आता सांधे भरा."

मुरलीधरनं एक सांधा भरून बघितला. नेहमीसारखाच गोळा झाला. तो त्यानं घासून काढला आणि परत तिथे टाकाच मारला.

मिस्त्री म्हणाला, "राहू द्या. मी पाडव्याला लेकीकडे चाललोय. आलो की दोघं मिळून भरू. तोवर कुणाला हात लावू देऊ नका. आणि टाक्यावरचं काम रंगवू नका, मास्तर. रंग दिला की टाका दिसत नाही, मग आपलं आपणच विसरतो."

मिस्त्री गेला आणि मुरलीधरनं रंगाचा डबा उघडला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यानं टाके घासून गुळगुळीत केले, वर पुट्टी भरली आणि हिरवा रंग दिला. कुठे काय जोडलंय ते हुडकून सापडेना. लोक येऊन वाहवा करून गेले. सांधे काय, पाडवा झाला की भरू, असं त्यानं मनाला समजावलं. शिंप्याला तशी सवयच असते. कच्च्या टाक्यावर सदरा अंगात घालून बघतात, उसवला तर लोक हसतात आणि परत शिवतात.

पाडव्याला सकाळी आळी जिन्याखाली जमली. अक्का नवं लुगडं नेसून वर उभी राहिली. मुरलीधरनं तिचा हात धरून कठड्यावर ठेवला. तिनं पाइपावरून बोटं फिरवली, मग जरा दाबून बघितला आणि थांबली.

हळूच म्हणाली, "मुरल्या, याच्या अंगात ओढ नाही रे. कच्चा टाका तर नाही ना?"

खाली माणसं वर बघत उभी होती. "आज नको अक्का, दोन दिवस थांब," एवढंच म्हणायचं होतं. लोक थोडे हसले असते आणि घरी जाऊन पुरणपोळी जेवले असते. मुरलीधरला हे सगळं कळत होतं. तरी तो म्हणाला, "पक्का आहे अक्का. टाक भार."

तिनं भार टाकला. दोन पायऱ्या ती उतरली. तिसऱ्या पायरीवर दोरा तुटावा एवढाच आवाज झाला. एक टाका सुटला, त्याच्यामागे बाकीचे सुटले आणि पाइपासकट अक्का खाली गेली.

ती वाचली, पण खुबा मोडला. डॉक्टरांनी सांगितलं, आता उठून चालणं नाही. तिला परत वरच्या खोलीत नेऊन निजवलं.

आळी भली होती. कुणी म्हणालं, वयच झालं होतं. कुणी म्हणालं, दुकानदारानं हलका पाइप गळ्यात मारला. मुरलीधरनं मान खाली घातली आणि पाइपावर दोष जाऊ दिला. लोकांना वाटलं, बिचारा दुःखानं बोलत नाही. दुःख होतंच, ते खोटं नव्हतं. पण त्याच्याआड तो लपलाही होता.

एके दुपारी अक्का छताकडे तोंड करून म्हणाली, "तू नको जीव जाळून घेऊस. माझाच भार जास्त पडला."

तेव्हा त्याच्यानं राहवेना. तो तिच्या खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "अक्का, टाका कच्चाच होता. मला ठाऊक होतं."

अक्का म्हणाली, "माझ्या हाताला कळलं होतं रे. पण तू पक्का म्हणालास."

मुरलीधर तिथेच तोंड झाकून रडला. तिनं चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोसल्या असत्या, हा हात सोसवेना.

मिस्त्री परत आला. त्यानं सगळं ऐकलं आणि मशीन घेऊन आला. मुरलीधर रोज सांधे भरायला शिकू लागला. हात भाजले तरी सोडलं नाही. अखेर त्यानं सबंध कठडा नव्यानं केला, असा पक्का की मिस्त्रीनं त्याला लोंबकळून बघितलं. त्याला धरून खाली उतरणारं आता घरात कुणी नव्हतं. लोक येता-जाता त्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागले.

अक्का पुढे पुष्कळ वर्षं जगली. ती त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलायची, त्याची चौकशी करायची, कधी मागचं काढायची नाही. फक्त एक झालं. तो चहा घेऊन गेला आणि "निवलाय अक्का, घे," म्हणाला, की ती आधी कपात बोट बुडवून बघायची. "दार लावलंय," म्हणाला, की ती कडी वाजवून दाखव म्हणायची. तिच्या मनात राग नव्हता. तिला आपण असं करतो हे माहीतही नसावं. मुरलीधर रोज कप हातात घेऊन उभा राहायचा आणि तिचं बोट चहात बुडताना बघायचा.

तात्पर्य: कच्चं काम पुन्हा पक्कं करता येतं, कच्च्याला पक्कं म्हणून ज्याचा विश्वास तोडला, त्याचा विश्वास मात्र पुन्हा सांधता येत नाही.