हसुराम तांडेल आणि एक टिपूस पाणी

एका बंदरात हसुराम नावाचा एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, राहत होता. त्याची मासेमारीची होडी जुनी होती, पण अशी धडधाकट की लाटेवर चढताना कधी कुरकुरली नाही. कुरकुरायचं काम तांडेल स्वतः करी. एखादा खिळा जरा वाकडा दिसला की तो उपटून पुन्हा ठोकी. बंदरातले लोक त्याला पाठीमागे किरकिऱ्या म्हणत, आणि चार माणसं जमली तर तोंडावरही म्हणत.

होडीच्या पोटात, पाण्याखाली, एक पितळी व्हॉल्व्ह होता. त्यातून समुद्राचं पाणी आत येई आणि इंजिन थंड राही. एका पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारून ठेवली असताना हसुरामने तो व्हॉल्व्ह काढून घासूनपुसून पाहिला, तर त्याला आडवी चीर गेलेली. चीर केसाएवढीच, पण भर समुद्रात व्हॉल्व्ह फुटला असता तर होडी भरायला कितीसा वेळ? आणि होडीवर असायचे कोण? हसुराम, त्याचे दोन भाऊ आणि जावई. एकाच घरातली चार माणसं.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. दर्याला नारळ दिला की होड्या सुटणार. हसुराम घाईघाईने शहरात गेला. जाळ्याचा डोळा कोळी लोक बोटांनी मोजतात. हसुरामने होडीतलं व्हॉल्व्हचं भोकही तसंच मोजलं होतं. तो दुकानदाराला ऐटीत म्हणाला, "तीन बोटांचा व्हॉल्व्ह द्या." दुकानदाराने आपली तीन बोटं लावून व्हॉल्व्ह दिला. आता दुकानदाराची बोटं ती केवढी, आणि जाळी ओढून गाजरासारखी झालेली हसुरामची बोटं केवढी! घरी येऊन पाहतो तर व्हॉल्व्ह भोकातून आरपार गेला.

त्याची बायको गोमी पोट धरून हसली. "आवो, व्हॉल्व्ह आनायला गेलात का अंगठी?"

मग मात्र हसुराम जुना व्हॉल्व्हच फडक्यात बांधून निघाला. दुकानामागून दुकान झालं. "असे आता येत नाहीत," असं जो तो सांगे. शेवटी एकाने जवळपासच्या मापाचा पुढे केला. "आटे थोडे वेगळे आहेत. सूत गुंडाळा, वर सफेद्याचा लेप लावा. चालेल."

हा 'चालेल' मोठा लबाड शब्द आहे. तो एकदा उच्चारला की विकणारा मोकळा, घेणारा मोकळा, आणि पुढचं सगळं देवावर! हसुरामने तो व्हॉल्व्ह हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत ठेवला.

त्याचा लहानपणचा दोस्त जोमा तिथेच उभा होता. दोघांच्या होड्या एकाच सुताराने एकाच वर्षी बांधलेल्या, तेव्हा जोमाचा व्हॉल्व्हही तसाच चिरला होता. जोमाने तो जवळपासचा व्हॉल्व्ह हसत घेतला आणि सूत-सफेदा लावून त्याच संध्याकाळी बसवला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या. काठावर एकटी हसुरामची होडी उरली.

धाकटा भाऊ तणतणला, "दादा, सगला बंदर गेला. आपुन हितं बसून कावले मोजायचे काय?"

हसुरामला फार लाज वाटली. एवढा दांडगा गडी, पण डोळ्यांत पाणी आलं. तो देवळात जाऊन बसला. कोणीतरी घंटा वाजवली आणि त्याने मान वर केली. एवढी मोठी घंटा काही दुकानात तयार मिळत नाही. ती कोणीतरी ओततो. जो घंटा ओततो, त्याला व्हॉल्व्ह का ओतता येऊ नये?

घंटा ओतणारा म्हातारा ओतारी दूरच्या गावी राहत होता. हसुरामने त्याला शोधून काढलं. धातू निवताना आकसतो, म्हणून ओताऱ्याने जुन्या व्हॉल्व्हवर मेणाचा पातळ थर दिला, वाळूत त्याचा साचा घेतला आणि रस ओतला. मग लेथवर नेमके जुन्यासारखे आटे पाडले. नवा व्हॉल्व्ह सोन्यासारखा झळकत होता. हसुरामने त्यात पाणी भरलं आणि एकटक पाहत बसला. बऱ्याच वेळाने खालच्या अंगाला एक टिपूस उमटला.

ओतारी म्हणाला, "एवढं चालेल हो."

"मामा, तुमच्या घंटेला भोक पडला तं आवाज बसंल. माझ्या याला पडला तं घर बसंल."

ओताऱ्याने तो व्हॉल्व्ह उचलून पुन्हा मुशीत टाकला. दुसऱ्यांदा ओतलेला व्हॉल्व्ह पाणी भरून कितीही वेळ ठेवला तरी कोरडाच राहिला.

हसुरामची होडी सुटली तेव्हा निरोप द्यायला एकटी गोमी होती. पुढे दर्या खवळला. होडी आपटत, उडत होती, पण व्हॉल्व्हखालची फळी कोरडी ठणठणीत! जाळी टाकली, मासळी भरभरून मिळाली. परतताना त्यांना एक होडी लाटांवर वेडीवाकडी डुलताना दिसली. ती जोमाची होती. सूत सडलं होतं, सफेदा धुऊन गेला होता, इंजिन बंद पडलं होतं. माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून बादल्यांनी पाणी उपसत होती. हसुरामने दोर फेकला.

पुढे मासळीने भरलेली जुनी होडी आणि मागे दोराला बांधलेला जोमा, अशी वरात बंदरात शिरली. सगळं बंदर धावलं. बायका ओरडत होत्या, पोरं पाण्यात उड्या मारत होती, कोणीतरी ढोलकी आणली. गोमीने तर भर गर्दीत नवऱ्याची अलाबला घेतली. हसुरामची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं सांभाळावी लागली.

जोमा उतरला आणि सरळ त्याच्या गळ्यात पडला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या ओतारी मामांचा गाव सांग मला. आन तवर माझी होडी काठावर बसंल. कोनाला हसायचा तं हसू दे!"

कोणीही हसलं नाही.

तात्पर्य: जिथे जिवाशी गाठ असते तिथे 'चालेल' म्हणून भागत नाही, नेमकी वस्तू मिळेपर्यंत काठावर बसण्याची लाज जो सोसतो, तोच भरल्या होडीने घरी येतो.