राजाच्या पोटातलं पाणी

नव्या महालाला खांब हवे होते, आणि राजा गजसिंगाला ते काळकाईच्या देवराईतलेच हवे होते. तिथली ऐन-किंजळीची झाडं दोघांच्या कवेत मावत नसत. राजा कुऱ्हाडवाले घेऊन थेट राईत शिरला.

म्हातारा धाकू गुरव आडवा आला. "महाराज, राई तुटली की झरा आटेल. पाण्यावाचून गाव उठून जाईल. आणि देवीचा नेम आहे. राईतलं पान, काटकी, फळ, काही म्हणजे काही हद्दीबाहेर न्यायचं नाही!"

"बाहेर न्यायचं नाही ना? मग महाल इथंच बांधू! राईतली झाडं राईतच राहतील!"

"वाहवा!" प्रधानजी म्हणाले.

राजाला चेव चढला. "गादीची शपथ! राईतलं काहीही मी बाहेर नेणार नाही. नेलं, तर महाल रद्द! आहे कुणात धमक मला पकडायची?"

राजा खुशीत झऱ्याच्या कुंडाशी वाकला आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्याला. "अमृत आहे! चला घरी. उद्यापासून तोड सुरू."

हद्दीवर धाकूची लेक आवडी आतलं सगळं बोलणं ऐकत, कमरेवर हात ठेवून उभी होती.

"थांबा महाराज! राईतलं घेऊन कुठं निघालात?"

राजानं दोन्ही हात पुढे केले. "हे बघ पोरी, रिकामे!"

"हात रिकामे. पोट?"

"पोट?"

"कुंड राईचं, पाणी राईचं! आम्ही आत थेंबही पीत नाही. ओहोळ आपणहून हद्द ओलांडतो, तिथं घागर भरतो. पायाची माती झटकता येते, महाराज. पोट कसं झटकणार?"

प्रधानजी राजाच्या कानाशी लागले. "महाराज, जरा दम धरला तर पाणी आपोआप..."

"आणि ते सोडणार कुठं, प्रधानजी?" आवडीनं विचारलं. "देवीच्या दारात?"

शिपायांनी तोंडं फिरवली. कुणाची पाठ हलत होती, कुणाला खोकला आला.

"मग मी काय जन्मभर इथंच बसू?" राजा ओरडला.

"बसा की! महाल झाल्यावर तेच व्हायचं आहे. रोज पाणी प्याल, रोज अडकाल. शिकार बंद, स्वारी बंद. राणीसाहेबांचं माहेरही बंद!"

"आणि हा असाच बाहेर पडलो तर?"

"तर काय होईल ते तुम्हीच मघाशी सांगितलंत!"

राजानं हद्दीच्या दगडाकडे पाहिलं. प्रधानजींकडे पाहिलं. ते आभाळ बघत होते. मग राजा असा हसला, की वरची वटवाघळं उडाली. हसत हसतच त्यानं हद्दीपार पाय टाकला.

"घे! पकडलंस. महाल दगडाचा बांधू. उचला रे कुऱ्हाडी, चला परत!"

त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीच्या हातात घातलं.

"आजपासून राईची राखण तुझी. यापुढे माझा हुकूमसुद्धा तुला विचारून आत जाईल!"