साळूचे वाचनालय आणि वैशाखाचा करार

सागाच्या एका मोठ्या जंगलात, ओढ्याच्या काठी, एक साळू राहत असे. तिथल्या अर्जुनाच्या जुन्या झाडाला एक प्रशस्त ढोली होती आणि त्या ढोलीत तिने साऱ्या जंगलासाठी वाचनालय मांडले होते. ताडाची वाळलेली पाने आणायची, आपल्याच अंगावरून गळालेल्या काट्याने त्यांवर अक्षरे कोरायची आणि ती पाने दोरीत ओवून नीट रचून ठेवायची, हे तिचे रोजचे काम. कोणते कंद खावेत, कोणते खाऊ नयेत, ओढा कुठे उथळ आहे, कोणत्या तंट्याचा काय निवाडा झाला, हे सगळे त्या पानांत होते. गोष्टीही पुष्कळ होत्या. सकाळी पिल्लांना गोष्टी वाचून दाखवायच्या, दुपारी मोठ्यांना अक्षरे शिकवायची, आणि ज्याला हवे त्याने एक पान आठ दिवसांसाठी घरी न्यावे, असा तिथला नेम होता. या कामासाठी जंगलाच्या सार्वजनिक कोठारातून साळूला दर पंधरवड्याला एक टोपली कंद मिळत आणि पानांना वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला मिळे.

दुपारच्या वर्गात एक अस्वल येत असे. ते वयाने मोठे, अंगाने अवजड आणि स्वभावाने लाजरे होते. डोंगरापलीकडे राहणाऱ्या त्याच्या भावाने मागे एकदा निरोपाचे पान धाडले होते. अस्वलाला वाचता येत नव्हते. तेव्हा वाचनालयाची वाटही त्याला ठाऊक नव्हती. काही वाचायचे असले की कोल्ह्याकडे जायचे, एवढेच त्याला माहीत. कोल्हा जंगलाचा चिटणीस होता. तो म्हणाला, "ठेवून जा, सवडीने बघतो." चार दिवसांनी त्याने पान वाचले. त्यात लिहिले होते, 'फार आजारी आहे, लवकर ये.' अस्वल धावत गेले, पण भाऊ आदल्याच संध्याकाळी गेला होता. त्यानंतर श्रावणात अस्वल साळूच्या दारात येऊन उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले, "साळूताई, या वयात मला येईल का हो वाचायला?"

"येईल की. बसा इथे सशाशेजारी," साळू म्हणाली.

पहिल्याच दिवशी अस्वलाच्या नखाने पान उभे फाटले. सशाबरोबर आलेली त्याची पिल्ले हसली. दुसऱ्या दिवशी अस्वल आलेच नाही. तिसऱ्या दिवशी साळू स्वतः त्याच्या गुहेशी गेली. "अस्वलदादा, फाटलेलं पान मी पुन्हा लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही आला नाहीत, तर मात्र ते वाचायचं राहून जाईल." अस्वल मुकाट्याने उठले आणि तिच्यामागून चालू लागले. तेव्हापासून त्याने एकही दुपार चुकवली नाही.

कार्तिकात जंगलाची वार्षिक सभा भरली. सभेचा प्रमुख एक गवा होता. तो बलवान आणि न्यायी होता, पण अक्षरांशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. त्याच्यासाठी सगळे वाचायचे काम कोल्हाच करत असे. त्या वर्षी मोहाची फुले कमी आल्यामुळे कोठार अर्धेच भरले होते. कोल्हा उठून उभा राहिला आणि गोड आवाजात म्हणाला, "महाराज, वाचनालय चांगलंच आहे. त्याला नावं कोण ठेवील? पण कोठाराची अवस्था आपण पाहताच आहात. शिवाय वाचनालयात जातं कोण? चार पिल्लं आणि एक अस्वल! ज्याला काही वाचून हवं असेल त्यानं माझ्याकडे यावं. मी फुकट वाचून देईन."

गव्याने विचार केला. त्याला हिशेब पटला. त्याने साळूला विचारले, "तुला काही म्हणायचं आहे का?"

"आहे, महाराज," साळू म्हणाली. "कोल्हेराव वाचून देतील, ते एकाचं वाचणं झालं. माझ्याकडे येणारा स्वतः वाचायला शिकतो."

पण सभेतल्या बऱ्याच जणांच्या घरी त्या वेळी पिल्ले उपाशी होती, आणि उपाशी पिल्लांच्या आयांना हा फरक महत्त्वाचा वाटला नाही. साळूची टोपली बंद झाली आणि कडुनिंबाचा पालाही बंद झाला. साळूने कोणाला दोष दिला नाही. तिने ढोलीबाहेर एक पान टांगले. त्यावर लिहिले होते, 'वाचनालय यापुढे एक दिवसाआड उघडेल.' मधल्या दिवशी ती स्वतःपुरते कंद उकरायला दूरच्या टेकडीवर जाऊ लागली.

ते पान वाचनालयात येणाऱ्यांनी वाचले. दुसऱ्या आठवड्यात ढोलीच्या तोंडाशी बोरांचा एक लहानसा ढीग दिसला. तो एका भेकराच्या आईने ठेवला होता. तिच्या पाडसाला गोष्ट ऐकल्याशिवाय झोप येत नसे. वानरे कडुनिंबाचा पाला टाकून जाऊ लागली. मात्र ती वानरे असल्यामुळे कधी आठवड्यात तीनदा आणत, कधी महिनाभर विसरत. अशा एका विसरलेल्या महिन्यात वाळवीने नऊ पाने खाल्ली. माघात अवेळी पाऊस आला आणि ढोली वरून गळू लागली, तेव्हा सुगरणींचा एक थवा आला आणि त्यांनी दोन दिवसांत गवताचे घट्ट छत विणून दिले. अस्वलाकडे देण्यासारखे काही नव्हते. ते भिजलेली पाने एक एक करून उन्हात मांडत असे आणि मांडता मांडता त्यांवरची अक्षरे पुटपुटत असे. एकदा ते साळूला म्हणाले, "ताई, मला जोडाक्षरं अजून छळतात. पण 'भाऊ' हा शब्द मी लांबूनही ओळखतो."

वाचनालय असे अर्धेमुर्धे का होईना, चालू राहिले. इकडे कोल्ह्याचे वजन वाढले. निरोप, निवाडे, करार, सगळे त्याच्याच हातून जाऊ लागले. फुकट वाचून देण्याचा शब्द त्याने महिनाभर पाळला, नंतर तो काही ना काही मागू लागला. ज्यांना वाचता येत नव्हते ते देत राहिले.

चैत्र संपत आला तेव्हा जंगलातले गवत वाळून गेले. फक्त डोंगराच्या पायथ्याचे कुरण हिरवे होते. पण त्या डोंगरावर लांडग्यांचा कळप राहत असे. त्यांच्याशी करार करण्यासाठी गव्याने कोल्ह्याला पाठवले. कोल्हा करार लिहून घेऊन आला आणि गव्याने त्याखाली आपला खूर उमटवला. मग सभा बोलावली गेली. करार सर्वांना दिसावा म्हणून तो पळसाच्या फांदीला टांगावा, अशी तिथली जुनी रीत होती. नेमकी त्या दिवशी साळू कंद उकरायला टेकडीवर गेली होती.

कोल्ह्याने मोठ्याने वाचले, "'लांडगे वर्षभर कुरणात येणार नाहीत. वैशाखातही येणार नाहीत.' ऐकलंत ना? उद्यापासून पिल्लांना घेऊन खुशाल कुरणात जा."

सभेत आनंदाचा गलका झाला. हरिणी पिल्लांना चाटू लागल्या. अस्वल मात्र उठून पळसाकडे गेले. त्याच्या मनात काही संशय नव्हता. समोर अक्षरे दिसली की ती वाचून पाहायची, अशी त्याला सवयच लागली होती. ते करारासमोर उभे राहिले आणि अक्षराखाली नख ठेवत वाचू लागले. "लां... ड... गे..."

"बसा आता, अस्वलदादा, ऊन चढतंय!" कोणीतरी ओरडले. हशा पिकला. कोल्हाही हसला.

अस्वल लाजले, पण जागचे हलले नाही. "वै... शा... खा... त," त्याने वाचले आणि ते थांबले. पुन्हा मागे जाऊन त्याने वरची ओळ वाचली, मग परत खालची. त्याचा आवाज बदलला. "महाराज, वरच्या ओळीत 'नाहीत' हा शब्द आहे. खालच्या ओळीत तो नाही. खाली 'येतील' असं लिहिलंय."

कोल्हा पुढे आला. "महाराज, याला आकार-उकार तरी समजतात का? काल-परवा शिकायला लागलेला हा! याचं ऐकून पिल्लांना उपाशी ठेवणार का?"

"वेलांटी माझी अजून चुकते," अस्वल म्हणाले. "पण 'येतील' आणि 'येणार नाहीत' यांतला फरक मला कळतो. माझं खोटं असेल तर मला शिक्षा करा. पण साळूताई येईपर्यंत कुणी कुरणात जाऊ नका."

गवा कराराकडे पाहत होता. खाली त्याच्याच खुराचा ठसा होता आणि वरचे एकही अक्षर त्याला कळत नव्हते. त्याला प्रथमच त्या ठशाची भीती वाटली. "साळूला बोलवा," तो म्हणाला. "आणि ती येईपर्यंत कोल्हेराव, तुम्ही इथून हलायचं नाही."

वानरे टेकडीकडे धावली. साळू आली तेव्हा तिचे नाक मातीने माखलेले होते. तिला कोणी काही सांगितले नव्हते. गवा एवढेच म्हणाला, "हे वाच." तिने वाचले. "'लांडगे वर्षभर कुरणात येणार नाहीत. वैशाखात मात्र येतील. त्या महिन्यात कुरणात जो सापडेल तो लांडग्यांचा.'"

एका हरिणीने आपले पिल्लू पोटाशी ओढले. लांडग्यांनी उष्टे टाकायचे आणि कोल्ह्याने ते खायचे, असा हा बेत होता, हे आता सर्वांनाच कळले. गव्याने कोल्ह्याला विचारले, "का केलंस असं?" कोल्हा म्हणाला, "कुणाला वाचताच येत नव्हतं, महाराज," आणि तेच त्याचे खरे उत्तर होते. त्याचे चिटणीसपद गेले. त्याच दिवशी त्याला जंगलाबाहेर घालवून देण्यात आले. वैशाखात लांडगे कुरणात उतरले, तेव्हा तिथे नुसते गवत होते. जंगलातल्यांना तो महिना वाळलेल्या पाल्यावर काढावा लागला. सगळे रोडावले, पण सगळे जगले.

पुढच्या कार्तिकात पुन्हा सभा भरली. गवा उभा राहिला. "मागच्या वर्षी मी वाचनालयाची टोपली बंद केली," तो म्हणाला. "ती चूक माझी होती. ज्यांनी बोरं आणली, पाला आणला, छत विणलं, त्यांनी वाचनालय वाचवलं आणि म्हणून आपली पिल्लं वाचली. यापुढे कोठार भरलेलं असो की अर्धं असो, साळूचा वाटा आधी बाजूला काढायचा. आणि तो बंद करायचा असेल, तर एकट्या प्रमुखाला तो अधिकार नाही." मग तो हळूच म्हणाला, "साळूताई, दुपारच्या वर्गात अजून एकाला जागा आहे का?"

"ढोलीत तुम्ही मावणार नाही," साळू म्हणाली. "पण अंगणात पुष्कळ जागा आहे."

गवा अंगणात बसून शिकू लागला. पुढे पाणवठ्याचा करार त्याच्यासमोर आला, तेव्हा तो त्याने स्वतः वाचायला घेतला. त्याला सबंध दुपार लागली. सारी सभा उन्हात ताटकळत बसली होती, पण 'लवकर आटपा' असे कोणीही म्हटले नाही.

तात्पर्य : ज्याला स्वतः वाचता येते त्याला फसवणे कठीण असते, म्हणून सर्वांना वाचायला शिकवणारी जागा टंचाईच्या दिवसांतही सर्वांनी मिळून जपावी.