मधला कोरा भाग

“...पण सगळं नवंकोरं असताना तो हँग होतोच कसा, बाबा?”

केशरनाथबाबा कोमट पाण्याचा घोट घशाखाली उतरायची वाट पाहत होते. हल्ली तेवढ्यालाही वेळ लागे.

शार्दूल चौबळ कॉम्प्युटरचं झाकण काढून आत टॉर्च मारत बसला होता. पुण्यातली मोठी नोकरी सांभाळून तो सुट्टीच्या दिवशी नीरेकाठच्या या मठात येई. बाबांचं निरूपण रेकॉर्ड करायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. मोबाइलवर उरकायला त्याचा साफ नकार. हा आवाज पुढच्या पिढ्यांनी ऐकायचा, मग तो असा कसातरी घ्यायचा? एकेक भाग पारखून त्यानं नवा कॉम्प्युटर जोडला होता.

आणि बाबा ऐन रंगात आले की तो कॉम्प्युटर गपकन थांबे. पडद्यावरचा बाण जागच्या जागी. कुठलीही कळ दाबा, ढिम्म. मग शार्दूल तो बंद करी, पुन्हा चालू करी, आणि तोवरचं सगळं पुसलं गेलेलं असे.

उद्या सकाळी साताऱ्याला बाबांचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ काढताना आवाजही जाणार, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

“मेमरी बदलली. विंडोज नव्यानं टाकलं. तापतोय म्हणावं, तर हात लावून बघा, गार आहे.” शार्दूल रडकुंडीला आला होता. “ऑफिसात लोक मला विचारायला येतात, बाबा. आणि इथं माझं डोकंच चालेनासं झालंय.”

“तो थांबला की तू काय करतोस?”

“बंद करून परत चालू करतो.”

“लगेच?”

“मग? बघत बसू?”

“बस की.”

“नुसता?”

बाबांनी मान डोलावली आणि घोंगडीवर नीट मांडी घातली. शार्दूलला काही उमगलं नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता. त्यानं झाकण बसवलं, माइक बाबांच्या पुढ्यात सरकवला.

बाबा बोलू लागले. आवाज खरवडल्यासारखा येत होता, तरी एकेक शब्द कळत होता.

थोड्या वेळानं बाण थांबला.

शार्दूलचा हात सवयीनं बटणाकडे गेला. बाबांनी तो मनगटाला धरून उचलला, त्याच्याच मांडीवर ठेवला, आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं.

शार्दूल बघत बसला. बाण. त्याच्या शेजारी घुटमळणारी एक माशी. आतल्या पंख्याची घरघर. कुठूनतरी बाबांचा आवाज येत होता... बाण हलत नव्हता... माशी उडाली, परत येऊन बसली...

आणि बाण हलला.

कुणी हात न लावता! शार्दूल ताडकन गुडघ्यांवर आला. म्हणजे कॉम्प्युटर मरत नव्हता. काहीतरी झोपी जात होतं आणि उशिरानं जागं होत होतं. त्यानंच घाईघाईनं बटण दाबून दर वेळी त्याला जागं होऊ दिलं नव्हतं. आत काय झोपत असेल? डिस्क! रेकॉर्डिंग साठवणारी नवी डिस्क वीज वाचवायला डुलकी घेत होती. त्यानं भराभर सेटिंग शोधलं, वीजबचत बंद केली, पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. कॉम्प्युटर कुठं अडला नाही.

“सापडलं, बाबा! एवढंसं होतं हो! उगाच सगळं उचकटत बसलो.” तो लहान मुलासारखा हसला. “आता बोला. आता नाही थांबायचा.”

बाबांनी गळ्यावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

शार्दूलचं हसू ओसरलं. त्यानं हेडफोन कानाला लावून रेकॉर्डिंग ऐकलं. सुरुवात होती. शेवटची दोन वाक्यंही होती, आणि त्यात बाबा म्हणत होते, “...एवढंच सांगायचं होतं. बाकी सगळं याच्याभोवतीचं.”

याच्या म्हणजे कशाच्या?

मधला भाग कोरा होता.

त्यानं हेडफोन काढले. आठवून पाहिलं. बाण आठवला. माशी आठवली. पंख्याची घरघर आठवली.

“बाबा... तो थांबला होता तेव्हा तुम्ही काय बोललात? ते यात आलंच नाही.”

केशरनाथांनी त्याच्याकडे पाहिलं. रागावून नव्हे. मग पुढे वाकले, त्याच्या कानाशी आले, आणि उरल्यासुरल्या श्वासानं म्हणाले,

“तू इथंच होतास की.”