घाटातला लाल रंग

गाड्यांचे सुटे भाग मिस्त्रीशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका गाडीच्या चाकांना निळा रबरी रंग चढला. कंटाळा आला की सालीसारखा सोलून काढायचा. ते पाहून, चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला चिमटीत धरून गाडी थांबवणारा ब्रेकचा कॅलिपर हट्टालाच पेटला. "मिस्त्री, मलाही लाल लावा की! नको झाला तर सोला."

बाबल मिस्त्री हसले. "आधी घाट उतरून ये, मग बघू."

तिन्हीसांजेला भरलेली गाडी घाट उतरू लागली. वळणावळणाला कॅलिपर चकतीला आवळत होता. आच एवढी वाढली, की चाकाच्या आतल्या कडेचा निळा रंग वितळून ओघळला. आणि ती करडी, अबोल चकती आतूनच उजळू लागली, निखाऱ्यासारखी लालभडक. कॅलिपर बघतच राहिला. वर गाडीत माणसं निवांत पेंगत होती. कुणाला पत्ताही नव्हता.

सकाळी मिस्त्रींनी लाल रंगाचा डबा उघडला. "चल, लावू या?"

चकती पुन्हा करडी होऊन गप्प बसली होती. तिच्याकडे पाहत कॅलिपर हळूच म्हणाला, "डब्यातला नको, मिस्त्री. काल हिला चढला होता, तो असेल तर द्या."