बाहेर उघडणारं दार

सोनखेड संस्थानचे कारभारी त्र्यंबकराव दूरच्या एका बेटावर जाऊन आले. तिथं घरांची दारं बाहेर उघडतात, हे त्यांच्या मनात इतकं भरलं की परतताच त्यांनी हुकूम काढला : “आठ दिवसांत सगळी दारं बाहेर उघडणारी करा. न करील त्याचं दार काढून नेऊ.”

गावात घबराट उडाली. चिंचोळ्या गल्ल्या, रस्त्याला लागून उंबरे. बाहेर दार उघडायचं कसं? लोक येसू सुतारणीकडे धावले. ती शांतपणे म्हणाली, “आधी माझ्या घराचं करते. महाराजांना आणि कारभाऱ्यांना बघायला बोलवा.”

दोघं आले. कारभारी पुढं होऊन पायरीवर चढले आणि त्यांनी कडी वाजवली. “आले, आले!” म्हणत येसूनं आतून दार ढकललं. कारभारी एक पाऊल मागं सरले, दुसरं टाकताना पायरी चुकली आणि ते थेट रस्त्यावर बसले.

“मला ढकलतेस?” ते ओरडले.

येसूनं हात जोडले. “मी नाही सरकार, तुमच्या हुकमानं ढकललं. त्या बेटावर दाराशी काय येतं?”

“वादळ! वाऱ्यानं दार आणखी घट्ट बसतं.”

“बरोबर. आमच्या दाराशी माणूस येतं. त्याला आत घ्यायचं असतं.”

महाराज खळखळून हसले. “हुकूम रद्द! पण येसू, या दाराचं काय?”

“उद्या फिरवते, महाराज. आता कारभाऱ्यांना जरा बाजूला व्हायला सांगा, म्हणजे दार पुरतं उघडून तुम्हाला आत घेता येईल.”