पुसलेल्या खुणा

यंत्रं आपसांत बोलायची, त्या काळची गोष्ट. भिवसेन फोटोवाला एका पेटीत कॅमेरा आणि छोटा प्रिंटर घालून जत्रांमधून फिरायचा. फोटो काढायचा आणि लगेच हातात द्यायचा.

प्रिंटरला एक खोड होती. कॅमेऱ्याने पाठवलेल्या चेहऱ्यावरचे तीळ, व्रण, सुरकुत्या तो पुसून टाकायचा. लोक खूश व्हायचे.

"मी पाहिलं तेवढंच छाप की," कॅमेरा म्हणायचा. "पुसलेलं जातं कुठं?"

"माझ्या पोटात. तिथं कोण बघतंय?"

एका भर दुपारी, कुणी बटण दाबलेलं नसताना, प्रिंटर घुरघुरला. कागद बाहेर आला. त्यावर एक चेहरा होता, गावोगावच्या सुरकुत्या, तीळ आणि व्रण मिळून झालेला. त्याला डोळे नव्हते. डोळे कुणाचेच पुसले नव्हते ना! भिवसेनने तो कागद पेटीवर ठेवला.

तेवढ्यात ठकूबाई गेल्या वर्षीचा फोटो घेऊन आली. "दादा, आमचे हे गेले. हा फोटो भिंतीवर लावला, तर नातवंडं विचारतात, हा कोण? खरं सांगू? मलाही ओळखू येत नाहीत."

बोलता बोलता तिची नजर त्या कागदावर गेली. तिने एका व्रणावरून बोट फिरवलं.

"बैलाचं शिंग लागलं होतं. हे बघा, इथं आहेत ते."

गुळगुळीत फोटो तिथंच ठेवून ती तो कागद उराशी धरून निघाली.

समोरून माणसं येत होती. प्रत्येकाच्या हातात एकेक फोटो होता. पेटीत प्रिंटर पुन्हा घुरघुरू लागला.